गाऱ्हाण्याच्या पोटी आलेली स्तुती

वाचक माउली, ख्रिस्ती लोकांच्या स्तोत्रांवर आपल्या अंकात लिहायचे, तर एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगतो. सगळे धर्म एकच आहेत असे म्हणायला मी बसलेलो नाही. ते वाक्य फार सोपे आहे, आणि दोन्हीकडचे काहीही नीट न वाचता म्हणता येते. माझ्या गळ्यात माळ आहे आणि विटेवरच्या रूपावाचून माझे चालत नाही. पण ज्याने जन्मभर अभंगांचे निरूपण केले, त्याच्या हाती दुसऱ्याची गाथा आली तर त्याने ती गाथेसारखीच वाचावी. तिच्यात काय भरले आहे, म्हणणाऱ्याला ती काय देते, कुठे खरी उतरते आणि कुठे अडते, ते पाहावे. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, कीर्तन थांबले आहे, तेव्हा वाचायला सवडही आहे.

ही गाथा म्हणजे बायबलातली स्तोत्रसंहिता. 150 स्तोत्रे, पाच भागांत लावलेली. मूळ इब्री भाषेतली, यहुदी लोकांची, येशू ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची. आपल्याकडे नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येते, तिथे नाव माथ्यावर असते. 73 स्तोत्रांवर दावीद राजाचे, 12 वर आसाफाचे, काहींवर कोरहाच्या पुत्रांचे, आणि एकावर तर मोशेचे. येशू स्वतः यहुदी घरात वाढला, तेव्हा ही स्तोत्रे त्याच्या कानावर लहानपणापासून होती. म्हणून ख्रिस्ती माणसाला ती दुहेरी वाटतात. माणसाने देवाला उद्देशून म्हटलेली तर ती आहेतच. पण त्याचा देव माणूस होऊन आला तेव्हा त्यानेही तीच म्हटली. पाचव्या शतकापर्यंत होऊन गेलेले संत ऑगस्टिन यांनी सगळ्या स्तोत्रांवर मोठे विवरण केले आहे, आणि त्यात हीच किल्ली वापरली आहे: कधी बोलतो तो ख्रिस्त, कधी त्याच्या अंगाचे अवयव असलेले भक्त, आणि बऱ्याचदा दोघे एका तोंडाने. भक्त आणि देव यांचे बोलणे एकमेकांत मिसळते, हे आपल्याला नवे नाही.

रचनेबद्दल थोडे सांगतो, कारण कीर्तनकाराचे लक्ष आधी तिकडेच जाते. या स्तोत्रांत आपल्यासारखे यमक नाही. तिथे अर्थाचे यमक असते. पहिल्या अर्ध्या ओळीत एक गोष्ट सांगायची, आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच जरा वळवून, चढवून किंवा उलटी करून पुन्हा सांगायची. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लाउथ यांनी 1753 साली छापलेल्या व्याख्यानांत ही गोष्ट नीट मांडून दाखवली. आपल्या ओवी-अभंगाचे भाषांतर केले की अर्धा प्राण जातो, कारण यमक आणि चाल मागे राहते. अर्थाचे यमक मात्र कोणत्याही भाषेत सोबत येते. मराठी स्तोत्रसंहिता गद्यासारखी छापलेली असते, तरी मोठ्याने वाचा, श्वास आपोआप दोन ठिकाणी पडतो. 136 वे स्तोत्र तर थेट आपल्या पद्धतीचे आहे: 26 ओव्या, आणि प्रत्येकीला तेच एक ध्रुपद. गायक पुढे म्हणतो, टाळकरी मागून झेलतात, असे ते ऐकूच येते. 119 वे उलट आहे. इब्रीतल्या 22 अक्षरांवर आठ-आठ ओव्या, मिळून 176, सगळ्या देवाच्या नियमशास्त्राच्या कौतुकाच्या. कारागिरी मोठी आहे, पण मी दोनदा प्रयत्न करून मध्येच झोपलो.

वारकऱ्याने सुरुवात करावी ती 120 ते 134 या पंधरा स्तोत्रांपासून. त्यांच्या माथ्यावर 'वर चढण्याची' असे लिहिलेले आहे. यरुशलेम डोंगरावर आहे, आणि वर्षातल्या तीन मोठ्या सणांना यहुदी लोक तिथल्या मंदिराकडे चालत जात. त्या वाटेवर ही म्हटली जात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हे वारीचे अभंगच. कोणी डोंगराकडे पाहून विचारतो की साहाय्य कुठून येणार. कोणी वेशीत पाय ठेवल्यावर आपल्याच पायांकडे पाहून हरखतो. कोणी रात्रीच्या पहारेकऱ्यासारखा पहाटेची वाट पाहतो, आणि ते एकदा सांगून त्याचे समाधान होत नाही म्हणून लागोपाठ दोनदा सांगतो. दोनदा म्हणण्याची ही गरज काकड्याला उठणाऱ्याला समजावून द्यावी लागणार नाही.

या पंधरांतले 131 वे तीनच ओव्यांचे आहे, आणि मला ते सगळ्यांत पुढचे वाटते. त्यात भक्त म्हणतो की आईजवळच्या, दूध तुटलेल्या मुलासारखा माझा जीव मी शांत केला आहे. माउली, इथे घाईने पुढे जाऊ नका. आपल्या अभंगांत देव आई आहे आणि भक्त लेकरू आहे, पण ते लेकरू बहुधा भुकेले असते, टाहो फोडते, पान्हा मागते. इथले मूल दुधासाठी रडण्याच्या पलीकडे गेले आहे. त्याला आता आईकडून काही नको; आई हवी, म्हणून ते मांडीवर बसले आहे. एका शब्दाने एवढे साधले. मी कीर्तनात वात्सल्याचा दृष्टांत शेकडो वेळा दिला असेल, पण मुलाचे दूध तुटल्यानंतरचे आई-मूल मी कधी दाखवले नव्हते.

पंधरांच्या बाहेरचे 84 वे स्तोत्रही याच जातीचे. मंदिराच्या वेदीपाशी चिमणीने घरटे केले आहे आणि गाणाऱ्याला तिचा हेवा वाटतो. दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराचा उंबरठा धरून उभे राहणे त्याला बरे वाटते. स्तोत्रावर नाव आहे कोरहाच्या पुत्रांचे. कोरह म्हणजे मोशेविरुद्ध बंड करणारा, ज्याला धरणीने गिळले अशी कथा आहे. त्याच्या वंशाला गाभारा मागण्याची सोयच नव्हती; त्याने उंबरठा मागितला. महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे, समोर चोखोबांची समाधी आहे, तिथे डोके टेकून आत जाणाऱ्याला यापुढे निरूपण कशाला हवे?

इथवर सगळे गोड आहे. पण एवढेच वाचून पुस्तक मिटले तर स्तोत्रसंहिता वाचलीच नाही, असे मी म्हणेन. कारण या 150 मध्ये सर्वांत मोठा गट स्तुतीचा नाही. तो गाऱ्हाण्याचा आहे. किती दिवस, का विसरलास, झोपलास का, ऊठ, असे देवाला विचारणाऱ्यांचा. 73 व्या स्तोत्रात आसाफ उघड कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून माझा पाय निसटलाच होता, सोवळे राहून काय मिळवले असे वाटले होते. आणि तरी या सगळ्या ग्रंथाचे इब्री नाव आहे 'तहिल्लीम', म्हणजे स्तुती. गाऱ्हाण्यांच्या गाठोड्याला स्तुती असे नाव ज्यांनी दिले त्यांना काय दिसले असेल, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक गाऱ्हाणी शेवटी वळतात. रडत सुरू झालेला गात संपतो. 88 वे वळत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो, तिथे आशेची एकही तिरीप नाही. नगरला आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मास्तर राहत. त्यांचा तरुण मुलगा गेला. मास्तर दर रविवारी चर्चला जायचे चुकले नाहीत, पण तिथे गाताना त्यांचे तोंड उघडत नसे. एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला हे 88 वे वाचून दाखवले. मी म्हटले, "मास्तर, याने दुःख वाढत नाही का?"

ते म्हणाले, "बुवा, आनंद करा म्हणतात तिथे मी मुका होतो. हे मात्र म्हणता येते. इतक्या शतकांत हे स्तोत्र कोणी पुस्तकातून काढले नाही. माझ्यासारखा कोणी येईल, हे त्यांना ठाऊक होते."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्या स्तोत्रात देवाने सोडून दिले असे म्हणणारा माणूस ते म्हणतो आहे कोणाला? देवालाच. पाठ फिरवून शेजाऱ्याला सांगत नाही. पुढे मास्तर पुन्हा गाऊ लागले. नेमके केव्हा, ते त्यांनाही सांगता आले नाही.

ख्रिस्ती माणसाला या बाबतीत मोठा आधार 22 व्या स्तोत्राचा आहे. देवाने मला का टाकले, हा त्याचा पहिलाच प्रश्न वधस्तंभावर येशूने उच्चारला, असे मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानांत आहे. ते स्तोत्र पुढे स्तुतीत जाते, म्हणून काही निरूपणकार सांगतात की येशूच्या मनात शेवटची स्तुतीच होती, पहिली ओळ केवळ खूण म्हणून घेतली. मला हे पटत नाही. आपणही कीर्तनात करुणापर अभंग घेतला की श्रोते अवघडतील या भीतीने लगेच शेवटच्या चरणाकडे धावतो. जो पहिला चरण म्हणतो आहे त्याला आधी तो पुरा म्हणू द्यावा. ख्रिस्ती माणसाला धीर मिळतो तो याच गोष्टीचा, की आपल्या देवानेही हा प्रश्न प्रश्न म्हणूनच विचारला.

आता स्तुतीकडे येतो. या विषयावर सी. एस. लुईस या प्राध्यापकांचे 1958 साली निघालेले स्तोत्रांवरचे छोटे पुस्तक मी शब्दकोश जवळ घेऊन वाचले. माझे इंग्रजी बेताचे आहे, पण हे गृहस्थ सरळ लिहितात. तरुणपणी ते नास्तिक होते, तिशीनंतर ख्रिस्ती श्रद्धेकडे आले. त्यांची अडचण आपल्याही पोरांची आहे: देवाला स्वतःची स्तुती एवढी का हवी? सतत वाहवा मागणाऱ्या माणसाचा आपल्याला कंटाळा येतो, मग देवाचे काय? त्याचे उत्तर त्यांनी जगाकडे पाहून काढले. माणूस ज्याचा आनंद घेतो त्याची स्तुती केल्यावाचून राहत नाही. चांगले पुस्तक, सुंदर डोंगर, आवडते माणूस, काहीही असो. शिवाय तो शेजाऱ्यालाही ओढतो, तूही म्हण म्हणतो. स्तुती म्हणजे आनंदावर वरून वाहिलेले फूल नव्हे; स्तुती होईपर्यंत आनंद अपुरा असतो. देव स्तुती मागतो तेव्हा तो आपल्यालाच पुरा आनंद घ्यायला बोलावतो.

हे उत्तर मला आवडले. गजर टिपेला गेला की कोण कोणाला काय देतो आहे हे कळेनासे होते, ते आपण अनुभवलेले आहे. पण त्यात एक कमी राहिली आहे. लुईस यांची स्तुती आनंदातून निघते. स्तोत्रांतली निम्मी स्तुती जिथून निघते तिथे आनंदाचा पत्ताच नसतो. तिथे माणूस खड्ड्यात असतो आणि खड्ड्यातून म्हणतो की मी अजून त्याची स्तुती करीन. ही स्तुती कुठून येते, ते 1958 च्या पुस्तकातल्या उत्तराने कळत नाही.

गंमत अशी, की ती कमी त्यांनीच पुढे भरली. 1960 साली त्यांची पत्नी गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्या शोकावर एक वही छापली, तीही टोपणनावाने. तिच्यात हे मोठे पंडित देवाच्या दारावर धडका मारतात आणि आतून कडी लावल्याचा आवाज ऐकू आला म्हणतात. स्तोत्रांचे नाव फारसे न घेता ते स्तोत्रकारांच्या ओळीत जाऊन बसले. आणि त्याच वहीच्या शेवटाकडे स्तुती पुन्हा येते: देणारा म्हणून देवाची, देणगी म्हणून तिची. आधी समजावून सांगितलेली स्तुती आणि नंतर रडून झाल्यावर आलेली स्तुती, ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिले हुशार आहे. दुसरे स्तोत्र आहे.

एक अवघड गाठ उरते, आणि तिला हात न लावता लिहिणे लबाडी ठरेल. स्तोत्रसंहितेत शाप आहेत. 109 व्या स्तोत्रात शत्रूची मुले अनाथ होवोत, भीक मागोत, असे मागणे आहे. 137 वे बाबेलच्या नदीकाठी बसलेल्या बंदिवानांचे आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाले, लोकांना धरून नेले, आणि धरून नेणारेच म्हणतात की तुमच्या सियोनाचे गाणे म्हणा. त्यांनी वाद्ये झाडांना टांगून ठेवली. पहाऱ्यात वीणा खाली न ठेवणाऱ्या माणसाला ते वाचताना काय होते ते सांगत नाही. पण त्याच स्तोत्राच्या शेवटी बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. शत्रूवर प्रेम करा म्हणणाऱ्या येशूच्या भक्ताने हे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तीन वाटा दिसतात. ऑगस्टिन यांनी रूपक केले: तान्ही मुले म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना, खडक म्हणजे ख्रिस्त, त्या वाढण्याआधीच त्यावर आपटाव्यात. कौरव म्हणजे षड्विकार, असे मीही असंख्य वेळा केले आहे, त्यामुळे ही युक्ती मी लांबून ओळखतो. श्रोत्यांची मान हलते आणि ज्यांची मुले होती ते बाजूला राहतात. दुसरी वाट रोमन कॅथलिक चर्चने काढली. 1971 साली सहाव्या पॉल पोपांच्या काळात रोजच्या प्रार्थनेचा नवा ग्रंथ आला, त्यात 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे घेतलीच नाहीत, आणि 137 ची शेवटची टोचणी काढली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना आठवड्यात 150 च्या 150 म्हणायला सांगितले होते. ते व्रत असे आतून थोडे कातरले गेले. तिसरी वाट लुईस यांची. त्यांनी शापाला शापच म्हटले, गुळमुळीत केले नाही, आणि मग विचारले की हा द्वेष आला कुठून? कोणीतरी या माणसाला एवढे चिरडले की त्याच्यात हे विष उपजले. म्हणजे मी कोणाला दुखावतो तेव्हा त्याच्या जखमेबरोबर त्याचा द्वेषही माझ्या खात्यावर पडतो. पुस्तकाच्या अखेरीस तेही वासनांच्या रूपकाकडे वळले. ते न वळते तर बरे झाले असते.

माझे मत तिसऱ्या वाटेकडे आहे. सामुदायिक प्रार्थनेत लहान मुलांच्या तोंडी 109 वे घालू नये, हे मला समजते. पण पुस्तकातून ते पुसू नये. 88 वे राहिले म्हणून मास्तरांना तोंड मिळाले. ज्याचे घर जाळले त्यालाही कुठेतरी तोंड हवे, आणि तो शाप त्याने शत्रूच्या दारात उभे राहून देण्यापेक्षा देवासमोर ओकला तर हातातली काठी निदान तेवढा वेळ खाली राहते. आपल्याकडे नामदेवराय देवाशी भांडतात, जनाबाई त्याला शिव्या घालते, तुकोबा त्याचे वाभाडे काढतात. अलीकडे निघणाऱ्या निवडक अभंगांच्या पुस्तिकांत हे अभंग मला कमी कमी दिसू लागले आहेत. निवडणाऱ्यांनी हा 1971 चा दाखला नजरेखालून घालावा.

या दोन गाथा मराठीत एकमेकींना भेटल्या त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे (1861–1919). 1895 साली ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही भावना त्यांनी सोडली नाही, आणि ख्रिस्तासाठीही अभंगच लिहिले. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये पेटी, तबला, टाळ घेऊन म्हणतात. टिळकांच्या रचनेत लडिवाळपणा भरपूर आहे, पण स्तोत्रकारांचा आणि तुकोबांचाही तो खडाष्टकाचा सूर मला त्यांच्यात कमी ऐकू येतो. मास्तरांना ही भजने तोंडपाठ होती. तरी त्या वर्षी त्यांनी उघडले ते 88 वेच.

तुम्हांला वाचायचे असेल तर पहिल्यापासून वाचत येऊ नका, मध्ये दमाल. आधी 84, मग 131, मग चढणीची उरलेली सगळी, मग आसाफाचे 73. त्यानंतर 22, आणि 88. मग 150 वे मोठ्याने म्हणा. त्यात कर्णा, वीणा, डफ, बासरी आणि झांजा सगळ्या येतात. 109 वे शेवटी ठेवा, आणि एकट्याने वाचा.